साल्हेर: मोकळ्या मैदानात जिंकलेली लढाई

कळसूबाईनंतर उंचीत महाराष्ट्रातला दुसरा डोंगर, आणि किल्ल्यांत सगळ्यांत उंच. साल्हेर, 1567 मीटर. पश्चिमेला डांगचं रान, उत्तरेला तापीखोरं. सुरतेचा माल बुऱ्हाणपूरला जायचा तो त्याच खोऱ्यातून. साल्हेर ज्याच्याकडे, तो त्या वाटेच्या उशाशी बसलेला. आज हा भाग नाशिक जिल्ह्यात आहे. 1869 पर्यंत बागलाण खानदेशातच होतं.

ऑक्टोबर 1670. सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज बागलाणातून परतले. डिसेंबरात मराठी फौज पुन्हा खानदेशात शिरली. आधी बुऱ्हाणपूरजवळचं बहादुरपुरा, मग वऱ्हाडातलं कारंजा. जानेवारी 1671 मध्ये साल्हेर. दोराच्या शिडीने मावळे तटावर चढले, किल्लेदार फत्तेउल्लाखान लढताना पडला आणि त्याच्या मेहुण्याने गड खाली केला.

मोगलांनी वेढा घातला, पण बहादूरखान आणि दिलेरखान तो इखलासखानावर सोपवून अहमदनगरच्या बाजूला निघून गेले. वेढ्याची फौज मागे एकटी पडली. घोळ झाला तो इथे.

महाराज स्वतः रणात नव्हते. तरी आखणी त्यांचीच. सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर घोडदळ घेऊन वरघाटाने, म्हणजे घाटावरून, मोरोपंत पिंगळे मावळ्यांचं पायदळ घेऊन कोकणातून वर. दोघांनी साल्हेरला एकत्र यायचं. हे का? नुसत्या घोडदळाला मोर्चात बसलेली फौज उठवता येत नाही, आणि नुसतं पायदळ उघड्यावर घोड्यांखाली तुडवलं जातं. दोन्ही वेळेवर पोचणं, हीच यातली अवघड गोष्ट. एक जरी मागे राहिलं असतं, तर दुसरं एकटं सापडलं असतं.

1672 च्या सुरुवातीला मोगलांशी गाठ पडली. शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा सभासद लिहितो, चार प्रहर युद्ध झालं. धुराळा असा उठला की तीन कोसांत आपला-परका ओळखेना. जंबुऱ्याचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून मराठ्यांचे सूर्यराव काकडे पडले. सभासदाने हे लिहिलं वीस-पंचवीस वर्षांनी, जिंजीत. त्याचे सैन्याचे नि हत्तींचे आकडे जपूनच घ्यावेत. निकालाबद्दल मात्र शंका नाही: मोगलांकडचा राव अमरसिंह चंदावत मारला गेला, इखलासखान जखमी होऊन हाती लागला, त्याच्याबरोबर कित्येक सरदार. पुढे त्यांना सोडून दिलं.

गनिमी काव्याच्या गोष्टी आपण फार सांगतो. साल्हेरला मराठे समोरासमोर, मोकळ्या मैदानात, मोगलांच्या बड्या फौजेशी लढले नि जिंकले. शिवकाळात असे प्रसंग मोजके.

वेढा उठला, लागोपाठ शेजारचं मुल्हेरही पडलं. 1675 मध्ये मराठी फौज धरणगावपर्यंत आली, तिथली इंग्रजांची वखार लुटली गेली. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत साल्हेर आहे. चढायचं तर साल्हेरवाडीतून किंवा वाघांबेकडून. वाघांब्याची वाट साल्हेर आणि शेजारचा किल्ला सालोटा यांमधल्या खिंडीत नेते.