घड्याळांच्या दुकानामागची तालीम

(दृश्य: सेबू शहरातली अरुंद गल्ली. काठीवर काठी पडल्याचा आवाज ऐकू येतो, माणसं अजून दिसत नाहीत.)

फिलिपिन्समधल्या सेबू शहरात बालिंतावाक नावाची एक लहानशी गल्ली होती. १९५२ साली या गल्लीत एदुआर्दो बाकुली यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे घड्याळं दुरुस्त व्हायची आणि मागच्या अंगणात काही माणसं वेताच्या काठ्या घेऊन सराव करायची. त्यांना शिकवायचे वेनान्सिओ बाकोन. सगळे त्यांना आन्सिओंग म्हणत. अंगाने लहानखुरे, पण त्यांच्यासमोर काठी घेऊन उभं राहायला भलेभले कचरत. या मंडळींनी आपल्या संघाला गल्लीचंच नाव दिलं. काठीने लढण्याच्या फिलिपिनी कलेला एस्क्रिमा म्हणतात. आज जगभर ‘बालिंतावाक एस्क्रिमा’ म्हणून तिची जी पद्धत शिकवली जाते, तिची सुरुवात या अंगणात झाली.

फिलिपिनी युद्धकलेची गोष्ट बहुतेक वेळा १५२१ सालापासून सांगतात. मॅक्टन बेटावर तिथल्या लापू-लापू या सरदाराच्या माणसांनी दर्यावर्दी मॅगेलनला ठार मारलं, तिथपासून. ती लढाई मोठीच होती. पण ही कला आपल्यापर्यंत ज्यांनी पोचवली, ती माणसं शोधायची असतील तर घरामागची अंगणं, बागा आणि शेतमजुरांच्या वस्त्या बघाव्या लागतात. आपण तिकडेच जाऊ.

(दृश्य: हातात धरलेली वेताची काठी, जवळून. सालीवर मारांचे व्रण.)

आधी ही काठी नीट बघा. लांबी सव्वादोन ते अडीच फूट. बांबू आतून पोकळ असतो, वेत भरीव असतो. एकमेकांवर आपटून आपटून वेत झिजतो, त्याचे तंतू सुटतात, पण त्याची धारदार ढलपी उडून डोळ्यात जात नाही. म्हणून सरावाला वेतच लागतो. जोरात सराव चालला असेल तर आपटलेल्या सालीचा जळका वास येतो. कामागोंगसारख्या काळ्या, जड लाकडाच्याही काठ्या असतात, पण जोडीदारावर त्या कुणी पूर्ण ताकदीने चालवत नाही. हाड मोडेल.

वर्ग सुरू होतो तो नमस्काराने. मग बारा मार. डावीकडून कानशिलावर, उजवीकडून कानशिलावर, खांदा, कोपर, गुडघा, पोटात भोसक, असे बारा कोन. क्रम शाळेगणिक बदलतो, पण बारा हा आकडा बहुतेक ठिकाणी भेटतो. नवा विद्यार्थी दिवसचे दिवस हेच करतो. त्यासोबत पायांची हालचाल. जमिनीवर त्रिकोण कल्पायचा आणि त्याच्या बाजूंवरून सरकायचं, म्हणजे मार चुकतोही आणि आपण समोरच्याच्या कुशीतही शिरतो. टांगलेल्या जुन्या टायरवर मारून मारून मनगट तयार होतं.

इथपर्यंतचं सगळं एकावेळी पन्नास जणांनाही शिकवता येतं. अडतं ते पुढे.

(दृश्य: गुरू आणि एक विद्यार्थी समोरासमोर. बाकीचे भिंतीला टेकून बघतायत.)

या पुढच्या टप्प्याला बालिंतावाकमध्ये ‘आगाक’ म्हणतात. गुरू मार देतो, विद्यार्थी अडवतो आणि उलट मारतो, गुरू तो अडवून पुढचा मार देतो. यात खंड पडत नाही. डावा हात मोकळा असतो, पण रिकामा नसतो. तो समोरच्याचं मनगट दाबतो, काठी अडवतो, कोपर ढकलतो. दोघांमधलं अंतर हातभराचं. इतक्या जवळून येणारा मार डोळ्यांनी बघून मग अडवू म्हटलं तर उशीर होतो. तो हाताला कळावा लागतो. हे कळणं गुरूच्या हातातून विद्यार्थ्याच्या हातात जातं. ते ना पुस्तकातून जातं, ना आमच्या या चित्रफितीतून.

आता हिशेब करा. दोन तासांचा वर्ग आणि बारा विद्यार्थी. गुरूने एक मिनिटही बसायचं नाही म्हटलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. चोवीस विद्यार्थी झाले की पाच. ही शाळा लहान राहते याचं खरं कारण या हिशेबात आहे. लोकांना ती ठाऊक नसते, तिच्याकडे पैसा नसतो, हेही खरं. पण उद्या दोन्ही मिळालं तरी गुरूला हात दोनच असणार.

बाकोन यांच्या शिकवण्यात ठरीव क्रम नव्हता, असं त्यांच्या परंपरेतले लोक सांगतात. समोर उभं करायचं आणि सुचेल तसा मार द्यायचा. जो तगला तो शिकला. त्यांचे शिष्य होसे वियासिन पेशाने वकील होते. त्यांनी आणि तेओफिलो वेलेझ यांनी या विखुरलेल्या मारांची आणि बचावांची गटवार मांडणी केली. त्यामुळे नवख्यालाही काहीतरी हाताशी धरून पुढे सरकता येऊ लागलं. बाकोन यांच्या हातातलं कौशल्य थोर होतंच, पण शाळा टिकली ती या मांडणीमुळे, असं मला वाटतं. त्या काळात सेबूत चढाओढही तीव्र होती. १९३२ साली स्थापन झालेला ‘दोसे पारेस’ हा मोठा संघ, बाकोनही आधी त्याच संघातले. वेगळे झाल्यावर दोन्ही गटांत आव्हानं दिली-घेतली जायची आणि काही लढती कसल्याही संरक्षक साधनांशिवाय व्हायच्या.

(दृश्य: मनिला, रविवारची सकाळ. रिझाल उद्यानात झाडांखाली वेगवेगळे गट सराव करतायत.)

शाळा चालवायची तर जागा लागते. मनिलात अनेक गुरूंनी त्याचं उत्तर रिझाल उद्यानात शोधलं. जुने लोक त्याला लुनेता म्हणतात. रविवारी सकाळी इथे एकेका झाडाखाली एकेक शाळा भरते. भाडं नाही, पाटी नाही. पाऊस आला की आडोसा शोधायचा. येणारा-जाणारा थांबून बघतो, आणि त्यातलाच एखादा पुढच्या रविवारी काठी घेऊन येतो. घरामागच्या अंगणात ही सोय नाही. तिथे कुणाच्या तरी ओळखीनेच शिरावं लागतं.

शुल्कावर पोट भरणारे गुरू थोडेच. दिवसा नोकरीधंदा करायचा आणि संध्याकाळी किंवा रविवारी काठी हातात घ्यायची, हा जुना शिरस्ता आहे. आणि शिकवायला आवडतं एवढ्यावर भागत नाही. कोण किती मार सोसेल, कुणाला आज थांबवायचं, कुणाची रग उतरवायची, हे रोज ठरवावं लागतं. हिसका देऊन काठी काढून घ्यायचे डाव शिकले की काही तरुणांना सगळं आलंसं वाटतं आणि ते दिसेनासे होतात. बारा मारांवर महिनोन् महिने टिकणारा विद्यार्थी विरळा, आणि शाळा त्याच्याच जिवावर चालते.

(दृश्य: कॅलिफोर्निया. जुनी कृष्णधवल छायाचित्रं, शतावरीच्या शेतात वाकलेले मजूर.)

समुद्रापलीकडे, कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन शहरात, हीच कला वेगळ्या परिस्थितीत तगली. १९२० आणि ३० च्या दशकांत हजारो फिलिपिनो तरुण तिथे शेतमजुरीला गेले. कंबर मोडेपर्यंत शतावरीचे कोंब कापायचे. त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती, आणि १९४८ पर्यंत गोऱ्या स्त्रीशी लग्न करायलाही कायद्याने बंदी होती. बहुतेक जण मजुरांच्या छावण्यांत एकट्यानेच म्हातारे झाले. त्यांच्यात एस्क्रिमा जाणणारे बरेच होते. पण ते दार लावून, आपल्याच माणसांत सराव करायचे. परक्याला दाखवायचं नाही, हा नियम.

आन्खेल काबालेस त्यांच्यातलेच एक. पनाय बेटावरून आलेले, उंचीने लहान, आणि तेही शेतात राबलेले. १९६६ साली त्यांनी स्टॉक्टनमध्ये एस्क्रिमाची शाळा उघडली आणि तिचं दार सगळ्यांना मोकळं ठेवलं. फिलिपिनो असो वा नसो, या आणि शिका. अमेरिकेतली अशी ही पहिली शाळा मानतात. तेव्हा काही वडीलधाऱ्यांना हे रुचलं नव्हतं, आणि त्यांचं दुखणं मला समजतं. ज्यांच्याकडून सगळं हिरावून घेतलं गेलं, त्यांनी एवढी एक गोष्ट आपल्यापाशी जपली होती. पण काबालेस यांनी दार उघडलं नसतं, तर ती त्या एकट्या म्हाताऱ्यांबरोबरच संपली असती.

त्याच वर्षी शिकागोत एका माथेफिरूने आठ नर्स तरुणींचा खून केला. त्यांत फिलिपिनो मुलीही होत्या. त्या बातमीने लिओ हिरोन हलले. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरच्या जंगलात जपानी सैन्याशी बोलो, म्हणजे कोयता, घेऊन लढलेला हा माणूस. आपल्याला येतं ते लोकांना शिकवलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि १९६८ मध्ये स्टॉक्टनजवळच्या ट्रेसी गावात शिकवायला सुरुवात केली.

(दृश्य: क्रीडासंकुल. शिरस्त्राण आणि जाड चिलखत घातलेले दोन खेळाडू.)

मायदेशी चित्र हळूहळू बदललं. २००९ मध्ये कायद्याने अर्निस (एस्क्रिमाचंच दुसरं नाव) हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय युद्धकला प्रकार आणि राष्ट्रीय खेळ ठरला. देशभरातल्या शालेय स्पर्धांमध्ये त्याला मानाचं स्थान मिळालं. २०१९ च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत अर्निसच्या वीसपैकी चौदा सुवर्णपदकं यजमान फिलिपिन्सने जिंकली. लाखो मुलांच्या हातात काठी आली, हे चांगलंच झालं. पण चिलखत घालून गुणांसाठी भराभर मारत सुटणं आणि हातभर अंतरावर मोकळा हात सांभाळत उभं राहणं, यांत फरक आहे. पहिलं शिकवायला क्रीडाशिक्षक पुरतो. दुसऱ्यासाठी आगाक देणारा माणूसच हवा.

(दृश्य: पुन्हा छोटा वर्ग. आता एक जुना विद्यार्थी नवख्याला मार देतोय, गुरू बाजूला उभे.)

आणि असा माणूस घडवणं हेच छोट्या शाळेचं सगळ्यात अवघड काम. मार अडवणारा विद्यार्थी काही वर्षांत तयार होतो. मार देणारा व्हायला त्याहून जास्त लागतं. समोरच्याला जेमतेम अडवता येईल, एवढ्याच वेगाने मारायचं. किंचित हळू दिला तर तो काही शिकत नाही, किंचित जोरात दिला तर बोटं फुटतात. आणि प्रत्येकाचा हा ‘जेमतेम’ निराळा, तोही रोज बदलणारा.

त्यात फिलिपिन्समधून लाखो माणसं नोकरीसाठी परदेशी जातात. अर्धवट तयार झालेला हात एके दिवशी बॅग भरून निघून जातो आणि गुरू पुन्हा पहिल्या मारापासून नव्या मुलाला घेऊन बसतो. पण कधी पुरता तयार झालेला हातही जातो. वेलेझ यांचे शिष्य बॉबी ताबोआदा सेबूतून निघाले आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात स्थिरावले. बालिंतावाक त्यांनी तिथून अनेक देशांत नेलं, आणि त्यांच्या हाताखालचे शिक्षक आता आपापल्या गावी दहा-बारा जणांचे वर्ग चालवतात.