पहिली धार
(मोहफुलाची दारू आणि रामटेकचा जंगलपट्टा : निवेदन)

[पहाट. बिनपानांचं झाड. टपटप आवाज.]

हा पाऊस नाही, मोह गळतोय. मार्च-एप्रिलमध्ये नागपूर जिल्ह्यात, रामटेक तालुक्यातल्या देवलापारच्या आसपास मोहाची पानं झडतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. फूल रात्री उमलतं आणि उजाडायच्या आधीच गळायला लागतं. ऊन चढलं की गळणं थांबतं, म्हणून टोपल्या घेऊन माणसं अंधारातच निघतात. हा पेंच व्याघ्रप्रकल्पाचा शेजार आहे. फुलं वेचणारा माणूस वाकलेला असतो आणि वाघाला तो माणसासारखा दिसत नाही. धोक्याची वेळ तीच.

झाडाखालची ही काळी राख बघा. पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून तो जाळतात. आग विझवायची राहिली तर ती जंगलात शिरते. काही गावांत आता झाडाखाली जुनी लुगडी नाहीतर जाळी बांधतात. फुलाला मातीही लागत नाही.

[तळहातावर एक फूल.]

बोराएवढं, पिवळट, मांसल. दाबलं की बोटं चिकट होतात. सारवलेल्या अंगणात तीन-चार दिवस पसरलं की मनुक्यासारखं तांबूस होतं. रात्री दव लागलं किंवा ओलं असतानाच पोत्यात भरलं तर बुरशी येते, आणि तो कुबट वास पुढे दारूतही उतरतो. नीट सुकलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते. म्हणून आतले केसर चोळून काढायचे, फूल भाजायचं आणि तिळाबरोबर कुटून लाडू करायचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात कितीतरी घरांनी याच फुलावर दिवस काढले. आधी हे पोटाचं फूल, दारूची गोष्ट नंतर.

[सांदवाडी, म्हणजे परसदार. चूल. फक्त हात.]

चेहरे दाखवलेले नाहीत. कारण पुढे येईलच.

सुकं फूल मडक्यात, वर दुप्पट-अडीचपट पाणी. फुलासोबत खमीर आपसूक येतं. मागच्या खेपेचं थोडं पाणी विरजणासारखं टाकलं की काम लवकर सुरू होतं. हा झाला सडवा. उन्हाळ्यात तो चार-पाच दिवसांत तयार होतो, थंडीत आठ-दहा लागतात. तयार झाला की नाही हे ओळखायला घड्याळ लागत नाही. मडक्याला कान लावायचा. आत बुडबुड चालू असेल तर साखर शिल्लक आहे. आवाज थांबला, वर तरंगणारी फुलं खाली बसली, की त्याच दिवशी चूल पेटवायची. दोन दिवस आळस केला तर सडवा आंबट होतो आणि दारूऐवजी शिरक्याकडे जातो.

आता ही रचना बघा. खाली सडव्याचं मडकं, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं. त्या दुसऱ्यात एक लहान भांडं. सगळ्यांत वर थंड पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं. वाफ भोकांतून वर येते, गंजाच्या थंड बुडाला लागते, थेंब होते आणि लहान भांड्यात पडते. सांधे चिंधी आणि ओल्या मातीने लिंपायचे. एखादी फट राहिली तर दारू हवेत जाते, आणि ती वाफ चुलीच्या जाळापर्यंत आली तर पेट घेते.

जाळ मंदच हवा. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० वर. सगळी कला या फरकात आहे. लाकडं जास्त सारली की सडवा उतू येऊन भांड्यात पडतो, नाहीतर फूल तळाला लागून जळका वास येतो. गंजातलं पाणी बोट ठेववेना इतकं तापलं की बदलायचं. पहिल्या पाण्याची धार सगळ्यांत कडक. प्रत्येक पाण्यासोबत ती फिकी होत जाते.

[चुलीत फेकलेला चूळभर द्रव. निळी ज्योत.]

निळी पेटली म्हणजे उतरली. नुसता चर्र आवाज आला तर पाणी जास्त.

बाजारू हातभट्टीचं तंत्र वेगळं. तिथे काळा गूळ, घाईसाठी कल्हईवाल्याचा नवसागर, आणि पत्र्याचा ड्रम. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलने, कारखान्यातल्या विषाने. या मडक्यात ते विष कोणी मिसळत नाही. पण पोलिसांच्या पंचनाम्यात दोन्हींना नाव एकच.

[देवठाण्यासमोर जमिनीवर सांडलेले थेंब.]

नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ मध्ये. गोंडांच्या घरी जन्म, सोयरीक, मरण, काहीही असो, दारू आधी पेनाला, म्हणजे देवाला, मग माणसांना. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि पुढे अबकारी खात्याने भट्टीचा हक्क लिलावात काढला. ज्याच्या अंगणात झाड, तोच ठेकेदाराचं गिऱ्हाईक झाला. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुलं बाळगण्यावरच बंधनं आणली. १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा आला, पुढे महाराष्ट्राचा.

या दारूने संसार मोडले, आणि गावोगाव बायकांनीच बाटली आडवी केली. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून कोरडा आहे, गडचिरोली १९९३ पासून.

पेसा या आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्याने १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दारूबाबत आणि गौण वनोपजाबाबत अधिकार दिले. नागपूर जिल्हा त्या क्षेत्रात नाही. म्हणून रामटेकच्या गोंडांना ते अधिकारही नाहीत. २०२१ मध्ये राज्याने फूल वेचणं, साठवणं, नेणं यांवरची बंधनं सैल केली. मडकं मात्र अजून गुन्हाच.

[आठवडी बाजार. काटा. पोती.]

हे पोतं एप्रिलमधलं. घरात पैशांची नड, साठवायला जागा नाही, म्हणून फूल मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याकडे जातं. पावसाळ्यात, पोळ्याच्या आसपास, तेच फूल त्याच दुकानातून चढ्या भावाने परत आणतात.