ओहायोच्या खोऱ्याचा मालक कोण?

श्रोतेहो, १७५४ ते १७६३ या काळात उत्तर अमेरिकेत फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात जे युद्ध झाले, त्याची हकीकत बहुधा क्वेबेकच्या तटापाशी संपवली जाते. १३ सप्टेंबर १७५९ रोजी एब्रहॅमच्या पठारावर इंग्रज सेनापती वुल्फ पडला, फ्रेंच सेनापती माँकाम दुसऱ्या दिवशी गेला आणि क्वेबेक इंग्रजांच्या हाती आले, एवढे आपण वाचलेले असते. माझ्या मते या युद्धाचा निकाल त्याच्या वर्षभर आधी, ईस्टन नावाच्या गावी लागला, आणि तो लावणारे लोक फ्रेंचही नव्हते, इंग्रजही नव्हते.

मुळात भांडण होते ओहायो नदीच्या खोऱ्याचे. १७४९ मध्ये सेलोराँ नावाचा फ्रेंच अधिकारी नद्यांच्या संगमांवर शिशाच्या पाट्या पुरत हिंडला. हा प्रदेश फ्रान्सच्या राजाचा आहे, असे त्या पाट्यांवर कोरलेले होते. मस्किंगमच्या मुखाजवळची पाटी १७९८ मध्ये पोहायला गेलेल्या मुलांना सापडली, तोवर तिचा काही भाग वितळवून त्यांनी बंदुकीच्या गोळ्या पाडल्याही होत्या. ज्या वर्षी या पाट्या पुरल्या, त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने याच खोऱ्यातली दोन लाख एकर जमीन व्हर्जिनियातल्या जमीनदारांच्या ओहायो कंपनीला देऊ केली. जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ तिच्या भागीदारांपैकी एक. शॉनी, डेलावेर आणि मिंगो हे मूळ रहिवासी लोक या जमिनीवर राहत होते, शिकार करत होते, मका पिकवत होते. त्यांना दोघांनीही विचारले नाही.

युद्धाची पहिली वर्षे इंग्रजांना फार जड गेली. ९ जुलै १७५५ रोजी इंग्रजांचा जनरल ब्रॅडक सुमारे १३०० सैनिक घेऊन ओहायोच्या उगमाशी असलेल्या फ्रेंचांच्या ड्यूकेन किल्ल्यावर चालून जात असता मोनोंगहेला नदीजवळच्या रानात गाठला गेला आणि त्याचे निम्म्याहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. समोरच्या तुकडीत फ्रेंचांपेक्षा मूळ रहिवासी योद्धेच कितीतरी जास्त होते. न्यू फ्रान्सची, म्हणजे फ्रेंचांच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतीची, वस्ती जेमतेम साठ-सत्तर हजारांची आणि इंग्रज वसाहतींची दहा लाखांवर. इतकी तफावत असूनही फ्रेंच टिकून राहिले ते या मित्रांच्या बळावर.

ऑक्टोबर १७५८ मध्ये ईस्टनला तह झाला. ॲलेगेनी पर्वतापलीकडे आमचे लोक वस्ती करणार नाहीत, असे वचन इंग्रजांनी दिले आणि ओहायोच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांनी फ्रेंचांची साथ सोडली. महिन्याभरातच ड्यूकेन किल्ला राखणे अशक्य झाले आणि फ्रेंचांनी तो स्वतःच पेटवून दिला. इंग्रजांनी मात्र त्याच जागी फोर्ट पिट हा कितीतरी मोठा किल्ला उभारला. वचनाचे काय होणार, हे तिथल्या लोकांना त्या भिंती चढताना पाहूनच कळले असेल.

१० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिस तहाने कॅनडा आणि मिसिसिपीच्या पूर्वेचा मुलूख ब्रिटनला मिळाला. आपल्याकडचे उद्ध्वस्त पुदुच्चेरी फ्रान्सला परत मिळाले तेही याच तहाने. वाटाघाटींत मूळ रहिवाशांचा एकही प्रतिनिधी नव्हता. जिंकल्यावर इंग्रज सेनापती ॲम्हर्स्टने त्यांना दिल्या जाणाऱ्या भेटवस्तू आणि बंदुकीची दारू आखडती घेतली, आणि मे महिन्यात ओटावा लोकांचा सरदार पाँटियाक याच्या नेतृत्वाखाली इंग्रजांच्या डेट्रॉइट किल्ल्याला वेढा पडला. जूनमध्ये फोर्ट पिटमध्ये बोलणी करायला आलेल्या डेलावेर दूतांना देवीच्या रुग्णांच्या इस्पितळातली दोन घोंगडी आणि एक रुमाल देण्यात आला. किल्ल्यातल्या माणसानेच ते आपल्या रोजनिशीत, रोग पसरावा या आशेसह, लिहून ठेवले आहे. हा प्रसंग तळटीपेत ढकलणाऱ्या इतिहासाचा मला राग येतो.

ऑक्टोबर १७६३ मध्ये राजाने जाहीरनामा काढून पर्वतरांगेपलीकडची वसाहत बंद केली खरी. पण वसाहतवाले पर्वत ओलांडतच राहिले, आणि पाचच वर्षांनी फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इंग्रजांनी ओहायोच्या दक्षिणेचा विस्तीर्ण प्रदेश खरेदी केला, तोही इरोक्वाय संघाकडून, म्हणजे उत्तरेकडच्या दुसऱ्याच मूळ रहिवासी राष्ट्रांच्या संघाकडून. शॉनी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत आले होते, आणि त्यांनी हा व्यवहार कधीच मान्य केला नाही.