सुई, वायर आणि हाताची आग

मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, दीड महिन्याने काढलं, एक्सरेत हाड छान जुळलेलं दिसतंय आणि तरी हात लालबुंद, सुजलेला, घामेजलेला, पंख्याचा वारा लागला तरी माणूस कळवळतो. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. नाटक नाहीये हे! डॉक्टर याला सीआरपीएस म्हणतात, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, दुखापत भरून आली तरी न जाणारी आग. नाव १९९४ चं, दुखणं जुनंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात नसेला गोळी लागलेल्या सैनिकांची हीच आग वीअर मिचेल या डॉक्टरने १८६४ मध्ये लिहून ठेवलीये, ते बिचारे हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून बसायचे.

गोळ्या आणि फिजिओने भागलं नाही की सुईची पाळी येते. हात दुखत असेल तर मानेत पुढून, सोनोग्राफीवर बघत बघत, स्टेलेट गँग्लियन नावाच्या नसांच्या गाठीजवळ भुलीचं औषध सोडतात (यालाच ब्लॉक म्हणतात), पायासाठी हेच काम कमरेतून होतं. मग त्या बाजूची पापणी खाली उतरते, आवाज घोगरा होऊ शकतो आणि पेशंट घाबरतो, पण हे काही तासांत जातं, आणि औषध हातापर्यंत लागू पडल्याची खरी खूण पापणी नाहीच, बोटं गरम झाली का ते बघायचं.

आराम कोणाला काही तास, कोणाला काही आठवडे, कोणाला शून्य. माझं मत विचाराल तर ब्लॉक घेऊन हात उशीवर ठेवून झोपलात तर पैसे पाण्यात, कारण दुखणं दबलंय तोवरच मूठ वळवून घ्यायची असते.

त्याच्या पुढची पायरी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूला सौम्य वीज देणारं मशीन. मणक्यात बारीक वायर, आधी बॅटरी बाहेरच ठेवून ट्रायल, फरक पडला तरच कातडीखाली कायमची बॅटरी. नेदरलँड्समध्ये मास्त्रिख्तला ५४ पेशंटवर याचा अभ्यास झाला, २००० मध्ये छापून आला. मशीनच्या गटात ३६ जण, बाकीच्यांना नुसती फिजिओ, आणि त्या ३६ पैकी २४ जणांचीच ट्रायल पास झाली. दोन वर्षं फायदा दिसला, पाच वर्षांनी मात्र नुसत्या फिजिओवाल्यांशी तुलना केली तर ठळक फरक उरला नव्हता. हे विकणारे सहसा सांगत नाहीत. पण गंमत बघा, मशीन बसवलेल्यांना विचारलं, एवढ्याच फायद्यासाठी पुन्हा बसवाल का, तर ९५ टक्के लोक हो म्हणाले.