भाकरीचं वजन

नमस्कार श्रोतेहो. मोबाईलमध्ये जेवणाची नोंद ठेवणारं ॲप आता बऱ्याच घरांत आहे. ते वापरायचं तर पहिली गोष्ट एकच: आधी कोरडं पीठ मोजा.

आमच्या दादांना साखर निघाली, तेव्हा पुतणीने त्यांच्या फोनवर असं ॲप घालून दिलं. दादा रोज नेमाने लिहायचे. रात्री भाकरी दोन, पिठलं एक वाटी. ॲप म्हणायचं, तुमचं खाणं बेताचं आहे. पण महिन्याने तपासलं तर साखर होती तिथेच, आणि दादा चिडलेले. मी गेलो होतो त्या संध्याकाळी वहिनी परात घेऊन बसल्या होत्या. मी यादी चाळली, तर ॲपमध्ये ‘रोटी’ म्हणजे शंभरेक कॅलरीचा फुलका! वहिनी म्हणाल्या, “भावजी, थांबा जरा,” आणि दिवाळीच्या फराळासाठी आणलेला वजनकाटा त्यांनी फळीवरून काढला. एका भाकरीचं पीठ मोजलं, नव्वद ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 335 कॅलरी, म्हणजे एका भाकरीला तीनशे. दोन भाकऱ्यांच्या सहाशे! दादा दोनशे लिहीत होते. सगळे गप्प झालो. मग दादाच म्हणाले, “म्हणजे मी खोटं नव्हतो लिहीत ना?” नव्हतेच हो.

वहिनींनी भाकरी लहान केली नाही. दादांनी दुसरी सोडली, आणि मटकीची उसळ वाटीभर जास्त घेऊ लागले. तेही डॉक्टरांना विचारून. ॲप बघून गोळ्या कमीजास्त करायच्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

आपल्या धान्याचे आकडे आहेत बरं का. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे ॲपही त्यांचंच. पण तुमच्या घरची वाटी केवढी, ते कुठल्याच ॲपला माहीत नसतं. एकदा पाणी भरून मोजा.

तेलाचं तर फोडणीत कळतच नाही. त्याला सोपा हिशेब: चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर संपलं, तर माणशी रोज तीस ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे 270 नुसत्या तेलाच्या.

आणि एक मनातलं बोलतो. जेवायला आलेल्याला आग्रह करकरून वाढणं आता थांबवू या. ताटावर हात आडवा धरलेल्या माणसाला जिलबी वाढण्यात कसलं प्रेम? “हवं तर मागा” म्हणावं आणि पातेलं जवळ ठेवावं.

तर आज रात्री भाकरी थापण्याआधी पीठ मोजा. भिजवलेला गोळा नाही, कोरडं पीठ. वर लावायचं पीठही त्यातच धरा, आणि भांड्याचं वजन वजा करायला विसरू नका. नमस्कार.