क्वीअर साहित्य म्हणायचं तरी कशाला?

नमस्कार मंडळी! ठाण्यातून बोलतेय, आणि सुरुवातही ठाण्याच्याच पुस्तकापासून करते. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून) 'मी हिजडा, मी लक्ष्मी'. लक्ष्मी त्रिपाठी ठाण्याच्या. २०१२ मध्ये त्यांचं हे आत्मकथन आलं. लोक शिवी म्हणून फेकतात तोच शब्द त्यांनी मुखपृष्ठावर घेतला. इंग्रजीत 'क्वीअर' शब्दाचंही, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांसाठी वापरतात त्या शब्दाचंही, असंच झालं; आधी हिणवायला वापरला, मग ज्यांना हिणवलं त्यांनीच तो आपला म्हटला.

मग क्वीअर साहित्य कुठलं? क्वीअर लेखकानं लिहिलेलं, असं पटकन म्हटलं जातं. मला हे मुळीच मान्य नाही. लेखक घरात कुणावर प्रेम करतो याची चौकशी आपण का करायची? आणि ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ खाली समलिंगी संबंध गुन्हा ठरत होता. अशा काळात किती जण स्वतःच्या नावानिशी लिहिणार होते?

बरं, पात्र क्वीअर असलं की झालं? तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' घ्या. १९८१ साली मराठी रंगभूमीवर एका मुलीचं मुलीवरचं प्रेम मांडायचं, याला छाती लागते. पण गोष्ट मित्राची, म्हणजे मित्रा नावाच्या या मुलीची, असली तरी सांगतो बापू, तिचा मित्र. ती आपल्याला दिसते ती त्याच्या नजरेतून.

आता सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी, २००६ ची. घरात पेइंग गेस्ट येतो, आणि बहीण-भाऊ दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. पहिला भाग तनय, म्हणजे भाऊ, बोलतो, थेट त्या माणसाला 'तू' म्हणून. तनय कसा आहे हे तिसरं कुणी आपल्याला समजावत बसत नाही. माझ्यासाठी क्वीअर साहित्य इथे आहे. लक्ष्मींच्या पुस्तकाचं शब्दांकन वैशाली रोडे यांचं आहे, तरी ते मी यातच धरते, कारण बोलतात लक्ष्मीच. तेंडुलकरांना मी बाहेर काढणार नाही, पण त्यांना उंबऱ्यावर ठेवेन. यावर भांडायला मी तयार आहे!

वेगळं नाव हवंच कशाला, असं विचारणारे असतात. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. अशा एखाद्या ग्रंथालयात सोळा वर्षांचा मुलगा गेला, तर काउंटरवर काय म्हणून मागेल? कादंबऱ्यांच्या कपाटात 'कोबाल्ट ब्लू' असेलही. पण तिचं नाव त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.