गाठ चारच सेंटीमीटरची, मग लिव्हर ट्रान्सप्लांट का थांबवतात?

नमस्कार मंडळी! लिव्हर कॅन्सरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: 'बाबांची गाठ चार सेंटीमीटरची आहे, दाता घरचाच आहे, मग डॉक्टर थांबा का म्हणतात?' आज त्यावरच बोलू.

लिव्हर कॅन्सरमध्ये ट्रान्सप्लांट कुणाला करायचं हे ठरवणारे मिलान निकष बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून झटपट. मात्साफेरो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडले. एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक ३ पर्यंत. कॅन्सर मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेला नको, लिव्हरबाहेर पसरलेला नको. झालं.

पण सीटीवर गाठीचा आकार कळतो, स्वभाव कळत नाही. त्यासाठी एएफपीचा, म्हणजे लिव्हर कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाच्या तपासणीचा, रिपोर्ट काढा. नाही, आत्ताच काढा, आणि २०१२ साली फ्रान्समधून आलेल्या स्कोअरने माझ्याबरोबर बेरीज करा. सर्वांत मोठी गाठ ३ सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य, ३ ते ६ ला एक, त्यापुढे चार. गाठी तीनपर्यंत शून्य, चार किंवा जास्त असल्या तर दोन. एएफपी १०० पर्यंत शून्य, १०० ते १००० दोन, त्यावर तीन. बेरीज दोनच्या वर गेली, की कॅन्सर परतण्याचा धोका मोठा.

आता बाबांची एकच गाठ, ४ सेंटीमीटर, एएफपी १२००. एक अधिक तीन, चार. मिलानमध्ये बसतात, तरी धोक्यात. दुसऱ्या कुणाच्या चार गाठी, मोठ्यातली मोठी अडीच सेंटीमीटर, एएफपी ४०. बेरीज दोन. मिलानबाहेर, तरी धोका कमी! म्हणून कमेंटमध्ये नुसते सेंटीमीटर लिहून 'होईल का?' विचारू नका, कळकळीची विनंती आहे.

हेच ट्रान्सप्लांटआधीच्या उपचारांनंतरही. त्यातला एक, टेस (TACE), म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करणं, बरोबर केमोचं औषध सोडणं. त्यानंतर मेलेला भाग मोजायचा नाही; सीटीच्या धमनी टप्प्यात (टोचलेलं औषध धमन्यांत असतानाच्या फोटोंत) उजळतो तेवढाच जिवंत भाग मोजायचा. आणि एएफपी उतरला का, ते बघायचं. अमेरिकेत एएफपी १००० च्या वर असेल तर उपचारांनी ५०० च्या खाली आल्याशिवाय मृत दात्याच्या लिव्हरच्या प्रतीक्षायादीत वर सरकवणारे कॅन्सरचे जादा गुण मिळत नाहीत. आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट जिवंत दात्याकडून होतात, यादीतलं थांबणं आपोआप होत नाही. ते मुद्दाम थांबावं लागतं, गाठ त्या काळात कशी वागते हे दिसावं म्हणून. दात्याच्या लिव्हरचा मोठा भाग कापायचा आहे, घाई त्यालाही महाग पडते.

एक मात्र लक्षात ठेवा: एएफपी नॉर्मल आहे म्हणजे कॅन्सर नाही, असं मुळीच नाही. बऱ्याच रुग्णांत तो वाढतच नाही.

ऑपरेशननंतर 'सगळं लिव्हर काढलं, आता सीटी कशाला?' असं विचारता ना? कॅन्सर तरीही परतू शकतो. तो धोका किती, हे बघायला काढलेल्या लिव्हरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर रिट्रीट स्कोअर काढतात: ऑपरेशनच्या वेळचा एएफपी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला शिरकाव, आणि जिवंत गाठींची संख्या अधिक सर्वांत मोठीचा व्यास. २०१७ च्या मूळ अभ्यासात शून्य गुणांना पाच वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होतं, पाच किंवा जास्त गुणांना ७५ टक्क्यांच्या वर. तुमचा स्कोअर किती, हे डिस्चार्जनंतरच्या पहिल्या भेटीत विचारा. पुढचे सीटी किती महिन्यांनी, ते त्यावर ठरवता येतं.